स्पीड टेस्टला पूर्ण आकडा, लाइव्ह तासाला आवाज तुटतो : क्वालिटी ऑफ सर्व्हिसची गॅरंटी कुणी देतं का?

लातूरचा_नेटवाला
मंडळी, नमस्कार. लातूरला एका नीटच्या क्लासचं नेटवर्क मी बघतो. दिवसा वर्गातले तास असतात आणि सातनंतर उदगीर, अहमदपूर, मुखेड, किनवटकडच्या पोरांसाठी ऑनलाइन शंकासमाधान. फायबरची लाइन आहे, खाली १०० आणि वर १० एमबीपीएस. स्पीड टेस्ट कधीही लावा, आकडा बरोबर येतो. पण सात वाजले की सरांचा आवाज तुटायलाय. 'कार्बोकॅटायन' मधलं 'कार्बो' तेवढं पोहोचतं, बाकी गायब. मग पोरं चॅटमध्ये 'सर आवाज नाही, सर आवाज नाही' लिहीत बसतात आणि दहा मिनिटं तिथंच जातात.

कंपनीला फोन केला की एकच उत्तर : 'स्पीड बरोबर येतोय सर, राउटर बंद करून चालू करा.' क्लासचे मालक म्हणतात ३०० चा प्लॅन घे. मला विचारायचंय ते असं, की आवाज-व्हिडिओसारख्या ट्रॅफिकला लाइनवर हक्काची जागा, म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिसची गॅरंटी, मिळते का? मिळत असेल तर देतं कोण?

उमरगा_एक्स्प्रेस
३०० घ्या, विषय संपला.

गोदाकाठ
नांदेडला इंजिनिअरिंगच्या पोरांना नेटवर्क शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो.

३०० ने विषय संपेलच असं नाही. आवाजाला मुळात लागतं किती ते बघा. जी.७११ हा जुना कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) ६४ केबीपीएसचा. दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट (माहितीचं पुडकं), त्यात १६० बाइट आवाज आणि वर आरटीपी, यूडीपी, आयपी या प्रोटोकॉलचे मिळून ४० बाइट हेडर (पत्ता, क्रमांक वगैरेची चिठ्ठी). म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं, २०० बाइटची, ८० केबीपीएस. तुमच्या वरच्या दिशेच्या १० एमबीपीएसचा हा शंभरावा भागही नाही! आवाज तुटतो तो जागा कमी पडते म्हणून नाही, पॅकेट वेळेवर पोहोचत नाही म्हणून.

आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते की एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचलं तर संभाषण सहसा सुरळीत चालतं, आणि नेटवर्क आखताना ४०० च्या वर जाऊ नये. नांदेड ते मुंबई सहाशे किलोमीटर धरा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ३ मिलिसेकंद. अंतराचा दोष नाही. बाकीचा वेळ रांगेत जातो. उशीर दर पॅकेटला वेगळा असला की पलीकडचं अ‍ॅप थोडा आवाज साठवून मग वाजवतं; त्या साठ्याच्या पलीकडे उशीर गेला की आलेलं पॅकेट फेकून द्यायचं. फाइल असेल तर पॅकेट पुन्हा मागवता येतं. बोलणं पुढं गेल्यावर मागचा शब्द मागवून काय करणार?

स्पीड टेस्टचा मुख्य आकडा काय सांगतो, तर काही सेकंदांत किती माल गेला. मधलं एखादं पॅकेट किती वेळ ताटकळलं ते त्यात दिसत नाही. तेव्हा एक करा. सात वाजता एका मशीनवर पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) चालू ठेवा आणि आकडे इथं टाका.

लातूरचा_नेटवाला
दुपारी रिकाम्या लाइनवर ११ मिलिसेकंद. सात वाजून पाच मिनिटांनी ९४०, ११०२, १०६१, मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. बघून चक्रावलो.

राउटरमध्ये बघितलं तर वर जाणारी लाइन ठासून भरलेली. दोन ठिकाणांहून. सीसीटीव्हीच्या डब्यातून दिवसभराचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातंय आणि एडिटिंगच्या मशीनवरून आजचे तास अपलोड होतायत. दोन्हींची वेळ सातचीच लावलेली आहे.

केबलवाला_परभणी
मालक, मी स्वतः लाइन विकतो, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

तुमचा ११०० चा आकडा कुठून आला बगा. लिनक्सवर चालणाऱ्या डब्यांत रांगेची मर्यादा १००० पॅकेटं अशी ठेवलेली असणं काही नवीन नाही. १००० गुणिले १५०० बाइट, म्हणजे १२ मेगाबिट. तुमची वरची लाइन १० ची. भरलेली रांग उपसायला १.२ सेकंद. सरांचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं, मग तुटणार नाही तर काय होणार.

आमच्याकडं साखर कारखान्यावर जे होतं तेच हे. गाळप ठरलेलं असतं. यार्ड मोठं केलं म्हणून गव्हाणीत ऊस जास्त पडत नाही; नुसत्या जास्त गाड्या उभ्या राहतात आणि ऊस वाळतो. राउटर बनवणाऱ्यांनी मेमरी स्वस्त झाली म्हणून यार्ड वाढवत नेलं. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस नावाच्या माणसाने २०१० च्या सुमारास घरच्या लाइनवर हेच बघून हे नाव चालवलं.

उमरगा_एक्स्प्रेस
मग ३०० ने गाळपच वाढतं की! रांग राहील कशाला?

केबलवाला_परभणी
भाऊ, आमच्याकडच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ३०० हा खालचा आकडा असतो, वरचा तितका वाढत नाही. आणि वाढला तरी अपलोड करणारं मशीन काय करतं? टीसीपी, म्हणजे फाइल पाठवायची पद्धत, मिळेल तितकी लाइन भरत जाते, पॅकेट पडेपर्यंत थांबत नाही. अपलोड लवकर संपेल एवढा फायदा नक्की, नाही म्हणत नाही. पण ते चालू असेपर्यंत रांग भरलेलीच.

गोदाकाठ
परभणीकरांनी नेमकं बोट ठेवलं. आता उपाय. दोन प्रकारचे आहेत आणि त्यांची गल्लत करू नका.

पहिला, रांग साचू न देणं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. ती रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजते. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत हा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला की एखादं पॅकेट टाकून देते. टीसीपीला इशारा मिळतो, ती वेग आवरते. त्यावर प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग दिली की झालं एफक्यू-कोडेल, आरएफसी ८२९० (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांक दिलेले तांत्रिक दस्तऐवज). त्याचा पुढचा भाऊ केक, तो २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ कर्नलमध्ये आला. यातली मजा अशी की ज्या प्रवाहाची रांगच साचत नाही, उदाहरणार्थ २० मिलिसेकंदाला एक बारकं पॅकेट पाठवणारा आवाज, त्याला आपोआप पुढं घेतलं जातं. 'हा आवाज आहे' असं कुणी सांगावंही लागत नाही.

तुमच्यासाठी : कंपनीच्या डब्यामागे ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर लावा, त्यात एसक्यूएम (रांग आवरायची सोय) चालू करा, केक निवडा, वरच्या दिशेला ९ एमबीपीएस द्या. मुद्दाम १० पेक्षा कमी. का, तर रांग कंपनीच्या डब्यात साचली तर तुमच्या हातात काही राहत नाही. ती तुमच्या राउटरमध्ये साचली तरच तुम्ही तिला शिस्त लावू शकता. आणि स्वस्तातला राउटर घेऊ नका. हे काम प्रोसेसर करतो, हार्डवेअर ऑफलोड बंद ठेवावं लागतं.

जालना_जंक्शन
एवढी उठाठेव कशाला? अपलोडची वेळ रात्री दोनची करा ना.

लातूरचा_नेटवाला
ती केलीच, लगेच. पण उद्या कुणाचा तरी फोन फोटोंचा बॅकअप घ्यायला लागला तर पुन्हा तेच. म्हणून राउटरही मागवला.

वाळूज_शिफ्ट
धागा छान चाललाय, पण मूळ प्रश्न 'गॅरंटी'चा होता आणि तो बाजूला पडलाय. केकने गॅरंटी मिळत नाही. तो सगळ्यांना वाजवी वाटा देतो. एकाच लाइनवर शंभर जण बोलायला लागले तर?

गोदाकाठ
बरोबर पकडलंत. दुसरा प्रकार तोच : जागा राखून ठेवणं.

१९९४ मध्ये आरएफसी १६३३ ने इंटिग्रेटेड सर्व्हिसेसचा आराखडा मांडला आणि १९९७ मध्ये आरएसव्हीपी हा प्रोटोकॉल आला, आरएफसी २२०५. कल्पना सरळ होती. बोलणं सुरू होण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राउटरला विचारायचं, 'इतकी जागा आहे का?' सगळे हो म्हणाले तर जागा राखीव, एक जरी नाही म्हणाला तर आरक्षण होत नाही. परभणीकरांच्या कारखान्याचं उदाहरण पुढं न्यायचं तर हा तोडीचा कार्यक्रम. गाळपाइतक्याच गाड्यांना तोड द्यायची, मग यार्डात रांग लागतच नाही. गॅरंटी यातूनच येते, कुणाला तरी 'आज तुझी तोड नाही' म्हणता येण्यातून. ज्या नेटवर्कला नाही म्हणता येत नाही ते कुणालाही कसलीच खात्री देऊ शकत नाही, मग पॅकेटवर कुठलाही शिक्का मारा.

यामागचं गणितही पक्कं आहे. पारेख आणि गॅलाघर यांनी १९९३-९४ मध्ये सिद्ध केलं की पाठवणाऱ्याने टोकन बकेटची मर्यादा (ठरलेला दर आणि ठरावीक उसळी, त्यापुढं नाही) पाळली आणि प्रत्येक राउटरने वेटेड फेअर क्यूइंगने (वाट्याप्रमाणे रांगा उपसायची पद्धत) त्याला ठरलेला दर दिला, तर रांगेतल्या उशिराला वरची सीमा घालता येते. ती किती? आपलंच उदाहरण घ्या. २०० बाइटचं पॅकेट म्हणजे १६०० बिट, राखीव दर ८० केबीपीएस, एकावेळी एकच पॅकेट. एका राउटरवर २० मिलिसेकंद. पाच राउटर असले तर १००, आणि वर प्रत्येक ठिकाणी आधीपासून निघालेलं एखादं मोठं पॅकेट संपेपर्यंतचा वेळ. १५० च्या बजेटमधले १०० इथंच संपले! ही सीमा २० वर आणायची तर ८० ऐवजी ४०० केबीपीएस राखून ठेवावे लागतात, लागत नसताना. गॅरंटी हवी तर वाया घालवायची तयारी हवी, आणि ही पद्धत मागे पडायचं ते एक कारण. दुसरं मोठं कारण असं की मुख्य राउटरमधून एकाच वेळी लाखो प्रवाह जातात, प्रत्येकाची नोंद कोण ठेवणार?

म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये डिफरन्शिएटेड सर्व्हिसेस आल्या, आरएफसी २४७४ आणि २४७५. प्रवाहांची नोंद नाही. पॅकेटच्या हेडरमध्ये सहा बिटांचा शिक्का, ६४ किमती. आवाजासाठी ४६, त्याला एक्स्पिडायटेड फॉरवर्डिंग म्हणतात. राउटरने शिक्का बघायचा आणि त्या वर्गाच्या रांगेत टाकायचं. हलकं, स्वस्त. पण ते 'तुला आधी' एवढंच म्हणतं, 'तुला इतक्या वेळात' असं म्हणत नाही. सगळ्यांनीच ४६ चा शिक्का मारला तर आधी कोण?

केबलवाला_परभणी
म्हणूनच तर आम्ही पुसतो ना सर. ग्राहकाकडून आलेला शिक्का आमच्या दारात शून्य होतो. कुणावर विश्वास ठेवायचा? टोरेंटवाला पण ४६ मारून पाठवेल.

जालना_जंक्शन
वा! म्हणजे आम्ही कॉलला शिक्का मारायचा आणि तुम्ही तो पुसायचा. मग पैसे कशाचे घेता?

केबलवाला_परभणी
पैसे 'पर्यंत'चे घेतो. १०० एमबीपीएस 'पर्यंत'. चिडू नका, हिशोब ऐका. जीपीऑन, म्हणजे एक फायबर बऱ्याच घरांत वाटायची पद्धत, तिच्या एका पोर्टवर खाली २.४८८ गीगाबिट, वर १.२४४. एका पोर्टवर ३२ घरं जोडली तर सगळ्यांनी एकदम वापरल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला खाली ७८ आणि वर ३९ येतात. तरी आम्ही १०० विकतो, कारण ३२ घरं एकदम कधी वापरत नाहीत. पुढं परभणीतून बाहेर जाणाऱ्या लाइनवरही असाच वाटा. असं विकलं नाही तर महिन्याला पाचशे-सातशेत इंटरनेट कुणाला परवडणार नाही. गॅरंटी हवी तर लीज्ड लाइन घ्या. तिथं तुमचा वाटा दुसऱ्याला विकलेला नसतो, म्हणून बिल पण कित्येक पट.

पण एक गंमत सांगतो. त्याच फायबरवर जो लँडलाइनचा फोन देतात ना, तो गर्दीत सहसा तुटत नाही. कारण त्याला वेगळं व्हीलॅन (त्याच तारेवरचं वेगळं नेटवर्क) आणि वेगळं टी-कॉंट (वर पाठवायच्या जागेचा कप्पा) लावलेलं असतं, ठरावीक जागा, कुणी बोलो न बोलो. तुमचं इंटरनेट शेवटच्या दर्जाच्या टी-कॉंटमध्ये, उरेल ते. तार एकच.

वाळूज_शिफ्ट
मोबाइललाही हेच. व्हीओएलटीईचा, म्हणजे ४जीवरचा साधा, कॉल लागला की टॉवर त्याच्यासाठी क्यूसीआय (सेवेच्या दर्जाचा क्रमांक) १ चा वेगळा बेअरर (मार्ग) उभा करतो, दर राखीव, उशिराचं बजेट १०० मिलिसेकंद. जागा नसेल तर टॉवर नाही म्हणू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल मात्र रीळं आणि क्रिकेट बघणाऱ्यांच्या गर्दीत, साधारणपणे क्यूसीआय ९ मध्ये, तिथं बजेट ३००. एकाच फोनवरून, एकाच टॉवरवर. साधा कॉल लागतो आणि व्हॉट्सअ‍ॅप तुटतो याचं उत्तर बऱ्याचदा यात असतं.

जालना_जंक्शन
मग हे नेट न्यूट्रॅलिटीच्या विरुद्ध नाही का? स्वतःचा कॉल पुढं, दुसऱ्याचा मागं.

गोदाकाठ
प्रश्न रास्त आहे. दूरसंचार नियामक ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी दिल्या आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या मान्य केल्या. मजकूर बघून इंटरनेटचं ट्रॅफिक अडवायचं किंवा हळू करायचं नाही, कुणाला झुकतं माप द्यायचं नाही, हा मुख्य नियम. विशेष सेवा आणि वाजवी ट्रॅफिक व्यवस्थापन यांना सूट. कंपनीचा फोन सूट घेऊन पुढं जातो, तुमचं मीटिंगचं अ‍ॅप इंटरनेट म्हणून मागं राहतं. मला व्यक्तिशः ही रेष थोडी कंपन्यांच्या सोयीची वाटते. पण ती पुसली तर 'अमुक अ‍ॅप जलद हवं तर ९९ रुपये' सुरू व्हायला वेळ लागणार नाही, हेही तितकंच खरं. तुमच्या स्वतःच्या राउटरमध्ये तुम्ही कुणाला पुढं घ्यायचं याला मात्र कुठलाच नियम आड येत नाही.

वाळूज_शिफ्ट
आमच्याकडच्या कथेत आणि तुमच्या कथेत फरक बघा. कारखान्यात रोबोट आणि कंट्रोलर यांच्यातलं पॅकेट एक मिलिसेकंदात पोहोचलं पाहिजे म्हणजे पाहिजे, दहातलं एक उशिरा चालत नाही. नुसतं प्राधान्य तिथं पुरत नाही. सगळ्यात वरच्या रांगेतलं पॅकेटसुद्धा, तारेवर आधीच निघालेलं १५०० बाइटचं धूड अडवू शकत नाही. १०० एमबीपीएसला ते ०.१२ मिलिसेकंद घेतं, आणि असे आठ-दहा स्विच ओळीने असले की संपलं. म्हणून टाइम सेन्सिटिव्ह नेटवर्किंग. ८०२.१क्यूबीव्ही हे मानक सगळ्या स्विचना एका घड्याळावर चालवतं आणि ठरलेल्या क्षणी फक्त त्या वर्गाचं दार उघडतं. बाकीची दारं त्या वेळी बंद, रांग असो नसो.

तिथं हे जमतं कारण सगळे स्विच एकाच मालकाचे. शेडखाली काय लागणार ते आधी ठरवता येतं. लातूर ते किनवट वाटेत चार जणांची मालकी, कोण कुणाचं घड्याळ लावणार?

हिंगोली_केंद्रचालक
तुमचं सगळं वाचलं. आमच्याकडं ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची तार आली, पण लाइट गेली की डबाच बंद. शेजारच्या उपकेंद्रात ताई ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन दवाखान्यावर डॉक्टरांना जोडून देतात, मोबाइलच्या नेटवर. पेशंट बोलायला लागला की चित्र थिजतं. इथं कोणता शिक्का मारू सांगा.

केबलवाला_परभणी
शिक्का राहू द्या. आधी डब्याला बारकी बॅटरी लावा, १२ व्होल्टचा मिनी यूपीएस राउटरसाठी मिळतो. डब्यावर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या फक्त. तार चालू राहिली तर मोबाइलच्या मागं लागायची गरज नाही. फक्त वरच्या गावाचा डबा पण चालू पाहिजे, तो तुमच्या हातात नाही.

लातूरचा_नेटवाला
राउटर बसवला. केक, वर ९, खाली ९०. अपलोड मुद्दाम सातला चालू करून बघितलं : पिंग १४ ते २३ मध्ये. अपलोडला पाचेक मिनिटं जास्त लागली, त्याचं कुणाला काही नाही. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये शिक्का ४६ पण लावला, निदान आपल्या राउटरपुरता.

एक राहिलं. जीवशास्त्राचे सर वायफायवरून शिकवतात, त्यांचा आवाज अजून मधूनमधून ओढल्यासारखा येतो. वायरवरच्या मशीनला काही नाही.

गोदाकाठ
वायफायची रांग वेगळी, केक तिथपर्यंत पोहोचत नाही. तिथं डब्ल्यूएमएम या वायफायच्या प्राधान्याच्या पद्धतीचे चार वर्ग असतात : आवाज, व्हिडिओ, साधं आणि मागचं (बॅकग्राउंड). आता ४६ चं काय होतं बघा. दोनच्या भाषेत (बायनरीत) तो १०१११०. बरीच उपकरणं यातले पहिले तीनच बिट बघतात, १०१ म्हणजे ५, आणि ५ वायफायच्या हिशोबात व्हिडिओच्या वर्गात पडतो. आवाजाचा शिक्का मारून आवाज व्हिडिओच्या रांगेत! २०१८ च्या आरएफसी ८३२५ ने सांगितलंय की ४६ ला ६ वर न्या, म्हणजे आवाजाच्या वर्गात. तुमच्या अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये क्यूओएस मॅप (कुठला शिक्का कुठल्या वर्गात, याचा तक्ता) अशी सोय असेल तर बदला. पण लॅपटॉपकडून पॉइंटकडे येताना वर्ग लॅपटॉपच ठरवतो, तिथं हा बदल लागू पडेलच असं नाही. शिवाय वर्ग बदलला तरी हवेत जागेची गॅरंटी नाही, शेजारच्या हॉस्टेलचे वायफाय त्याच चॅनलवर असतील तर सगळे एकमेकांची वाट बघणार.

लातूरचा_नेटवाला
हॉस्टेलं तर चारही बाजूंनी आहेत सर. मॅप नको, उद्या सरांच्या टेबलापर्यंत कॅट-६ ची वायर ओढतो.

हिंगोली_केंद्रचालक
मिनी यूपीएसचं विचारलं दुकानात. डब्यावर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलंय, दुकानदार १२ व्होल्ट १ अँपिअरचा देतोय, चालंल का?

केबलवाला_परभणी
नको. २ चा घ्या. १ वर डबा चालू होईल, पण लोड आला की बंद पडून पुन्हा सुरू होत राहील, आणि तुम्ही म्हणाल तारेतच दोष आहे.